पेंढा कुजतो, मग पिशवी का कुजत नाही? उकिरड्यात टाकण्याआधी हे वाचा

दिघा : दिघ्यासह नवी मुंबईचा कचरा तुर्भ्याच्या डम्पिंगवर जातो. भाजीचे देठ आणि प्लास्टिकची पिशवी एकाच ढिगात पडली, तर देठांचं खत होतं, पिशवी तशीच राहते. गावच्या उकिरड्यातही हेच दिसतं. असं का?

पेंढा, पालापाचोळा हे जिवाणू आणि बुरशीचं जुनंच अन्न. ते पचवणारे रस त्यांच्याकडे असतात. पिशवीचं पॉलिथिन मात्र माणसानं अलीकडे बनवलेलं. ते तोडणं बहुतेक जिवाणूंना जमत नाही.

२०१६ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक, म्हणजे पेट, खाणारा जिवाणू शोधल्याचं जाहीर केलं. पण प्रयोगशाळेत पातळ तुकडा संपवायलाही त्याला सुमारे ६ आठवडे लागले. शिवाय पेट वेगळं, पॉलिथिन वेगळं. म्हणून 'प्लास्टिक कुजवणारं औषध' कुणी विकायला आणलं, तर लगेच पैसे काढू नका.

पेंढ्यासाठी मात्र सोपा उपाय आहे. गाझियाबादच्या राष्ट्रीय सेंद्रिय शेती केंद्रानं २०१५ मध्ये वेस्ट डीकंपोजर आणलं.

असं करा :
- २०० लिटर पाण्यात २ किलो गूळ आणि एका बाटलीतलं कल्चर मिसळा.
- रोज दोनदा काठीनं ढवळा. ५ दिवसांत द्रावण तयार होतं.
- कचऱ्याच्या थराथरावर शिंपडा, ओल टिकवा, आठवड्यानं वरखाली करा.

खड्ड्यात पिशवी, गुटख्याची पुडी जाऊ देऊ नका. तिचे तुकडे खतासोबत शेतात येतात. उकिरड्यावरची पिशवी गुरांच्या पोटात जाते. तिथंही ती पचत नाही.