पेटीत काय आहे?

मुंबईच्या जुन्या गोदीतील मालाची चढउतार ज्यांनी पाहिली आहे, त्यांना समोरच्या किनाऱ्यावरील न्हावा-शेवा बंदर अगदी परके वाटेल. पोती नाहीत, पिंपे नाहीत, हमालांचा गलका नाही. आहेत त्या वीस किंवा चाळीस फूट लांबीच्या मोहोरबंद पोलादी पेट्या. त्यांनाच आपण कंटेनर म्हणतो. 1956 साली अमेरिकेतील नेवार्कहून निघालेल्या ‘आयडियल एक्स’ जहाजावर अशा 58 पेट्या होत्या. आज एकेका जहाजावर हजारो असतात. या व्यवस्थेचा सारा लाभ पेटी वाटेत न उघडण्यात आहे, आणि धोकाही नेमका तेथेच आहे.

मग एखादीत अण्वस्त्र दडविलेले नाही, हे ओळखावे कसे? 2001 च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेने हा प्रश्न फार मनावर घेतला. पेटी जहाजावर चढण्यापूर्वी 24 तास आधी तिच्यातील मालाची यादी मागविण्याचा नियम 2002 साली झाला. यादी वाचून संशयित पेट्या निवडावयाच्या आणि प्रामुख्याने त्यांचीच क्ष-किरणांनी तपासणी करावयाची, अशी ही पद्धती. (आम्हां कचेरीतल्या माणसांना ती पटते, कागदावर आमचा विश्वास जरा अधिकच!) 2007 सालच्या कायद्याने तर अमेरिकेस येणारी प्रत्येक पेटी 2012 पर्यंत परदेशी बंदरांतच तपासण्याचे ठरविले; पण नंतर मुदतीवर मुदत वाढत गेली.

खर्चाची अडचण होतीच, यंत्रांचीही होती. किरणोत्सर्ग टिपणारी कमान केळ्यांतील पोटॅशियमने वाजते, ग्रॅनाइटनेही वाजते. वारंवार खोटी वाजणारी घंटा ऐकून पहारेकऱ्याचे कान निबर होतात. उलट, ज्याची खरी भीती, ते समृद्ध युरेनियम क्षीण किरण सोडते आणि शिशाच्या वेष्टणात मुकाट बसते. क्ष-किरणांत ते शिसे काळे डाग होऊन दिसते खरे. पण डाग पाहून शंका येणारा माणूस हवा. 2003 साली एका अमेरिकी वृत्तवाहिनीने परीक्षेसाठी सुमारे सात किलो निःसत्त्व युरेनियम जाकार्ताहून लॉस एंजेलिसला धाडले. ते बिनबोभाट पोचले.

आपला अनुभव आणखी निराळा आहे, आणि सरकारी नोकराला तो सांगणे जड जाते. 1993 च्या मुंबईतील स्फोटांचे आरडीएक्स रायगड जिल्ह्यातील शेखाडीच्या उघड्या किनाऱ्यावर उतरविले गेले होते. पुढे त्या खटल्यात सीमाशुल्क खात्याचेही काही अधिकारी दोषी ठरले.