पुडक्याची वाट कोण ठरवितो?

आजच्या विषयाचे नाव ऐकून मागच्या रांगांतील काही मंडळी चुळबूळ करू लागली असतील, तर त्यात त्यांचा दोष नाही. यंत्राचा विषय निघाला की तो आपला नव्हे, असे समजण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु आम्ही आज यंत्राविषयी थोडे आणि व्यवस्थेविषयी अधिक बोलणार आहोत. अमेरिकेतल्या नातवाने धाडलेले छायाचित्र येथे आजीच्या हातातील फोनवर दोन-चार क्षणांत उमटते. ते कोणत्या रस्त्याने आले, आणि तो रस्ता कोणी ठरविला? पुष्कळांना आम्ही हा प्रश्न विचारून पाहिला. बहुतेकांचे उत्तर असे की, कुठेतरी एखादे प्रचंड यंत्र असेल आणि ते सारे ठरवीत असेल. वस्तुस्थिती अशी आहे की तसे यंत्र कुठेच नाही.

ही गोष्ट नीट ध्यानात येण्यासाठी जुन्या ट्रंक कॉलची आठवण करावी. कॉल नोंदवायचा आणि टेलिफोनपाशी ताटकळत बसायचे. एका केंद्रातील ताई दुसऱ्या केंद्रातील ताईला हाक देई, ती तिसऱ्या केंद्राला. आणि अखेर आपल्या यंत्रापासून समोरच्या यंत्रापर्यंत एक सलग वाट केवळ आपणा दोघांसाठी राखून ठेवली जाई. मग आपण बोला किंवा गप्प बसा, वाट अडलेलीच. १९६० साली कानपूर आणि लखनौ यांच्या दरम्यान थेट नंबर फिरविण्याची सोय झाली, मधल्या ताईचे काम यंत्राने घेतले. पण वाट राखून ठेवण्याची पद्धत तीच राहिली. माणसांच्या संभाषणाला ती शोभते. संगणकाचे बोलणे निराळे. तो क्षणभर धो धो बोलतो आणि मग बराच वेळ मौन पाळतो. त्याच्यासाठी अखंड वाट राखणे म्हणजे एका प्रवाशासाठी अख्खी आगगाडी सोडण्यासारखे आहे.

यातून मार्ग दोघांनी, एकमेकांची वार्ता नसताना, काढला. अमेरिकेत रँड संस्थेतील पॉल बॅरन यांच्यापुढे अणुयुद्धाचा प्रश्न होता. मुख्य केंद्रावर बॉम्ब पडला तरी दळणवळण चालू राहावे, तर मुख्य केंद्रच नसलेले बरे, असा त्यांचा विचार. तो त्यांनी १९६४ साली सविस्तर मांडला. इंग्लंडमध्ये टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील डोनाल्ड डेव्हिस यांना युद्धाची चिंता नव्हती. तारांची उधळपट्टी त्यांना खुपत होती. दोघांचा तोडगा एकच निघाला. निरोपाचे लहान लहान तुकडे करावेत, प्रत्येकावर पत्ता लिहावा आणि ते सुटे सुटे सोडून द्यावेत. या तुकड्याला ‘पॅकेट’ हे नाव डेव्हिस यांनी दिले, आणि इतर भाषांतही त्याला सोपा प्रतिशब्द मिळेल ना, हे त्यांनी भाषातज्ज्ञांना विचारून घेतले होते. आम्ही त्याला पुडके म्हणतो. डेव्हिस यांची ही काळजी मराठीपुरती तरी वाया गेली नाही.

आता हे पुडके पुढे सरकते कसे? इथे स्विच आणि राउटर असे दोन कामकरी भेटतात. स्विच हा एका इमारतीतला. कचेरीत नव्याने रुजू झालेल्या शिपायासारखी त्याची रीत असते. कुलकर्ण्यांचा कागद हाती आला आणि कुलकर्णी कोण हे ठाऊक नसले, की तो सर्व टेबलांवर फिरून विचारतो. पण कागद कोणत्या टेबलावरून कोणी दिला, हे तो मनात टिपून ठेवतो. थोड्या वेळात त्याला सारी कचेरी पाठ होते. मात्र स्विच ज्या पत्त्यावर चालतो तो यंत्राला कारखान्यातच चिकटलेला ४८ बिटांचा क्रमांक असतो. त्यावरून यंत्र कोणाचे हे कळेल, ते आहे कुठे हे कळणार नाही. कचेरीत हे चालते. जगाच्या पाठीवर प्रत्येक टेबलाशी जाऊन विचारणे कोणालाही शक्य नाही.

म्हणून इमारतीबाहेर राउटरचे राज्य सुरू होते. त्याचा पत्ता टपालाच्या पत्त्यासारखा, थोरल्या भागाकडून धाकट्या भागाकडे जाणारा असतो. रेल्वेच्या टपाल डब्यात पत्रे छाटणारा कारकून डोळ्यांपुढे आणा. त्याच्यासमोर खणांची मांडणी आहे. एका खणावर ‘सातारा जिल्हा’ लिहिले आहे, दुसऱ्यावर नुसते ‘कराड’. कराड सातारा जिल्ह्यातच आहे. तरीही कराडचे पत्र तो कराडच्या खणात टाकतो, कारण दोन खण लागू पडत असतील तर अधिक नेमका खण धरायचा, असा त्याचा नियम आहे. राउटरचाही नियम हाच. श्रोत्यांनी तो लक्षात ठेवावा. पुढे त्याने एक मोठा घोटाळा करून ठेवला आहे. घराचा नंबर, गल्ली, मालकाचे नाव यांच्याशी कारकुनाला कर्तव्य नसते. पुढची गाडी कोणती, एवढेच तो पाहतो. राउटरलाही पुडक्याचा सबंध प्रवास ठाऊक नसतो; पुढचा मुक्काम तेवढा ठाऊक असतो. मधे एखादे पुडके हरवले तर राउटर त्याची फिकीर करीत नाही. पोच आली नाही, की मूळ धाडणाराच ते पुन्हा धाडतो.

परंतु टपाल खात्यात खणांवरची नावे वरिष्ठ ठरवून देतात. इथे वरिष्ठ नाहीत. मग खणांवर नावे कोण लिहितो? एका संस्थेच्या आवारात हे नकाशावरून होते. सर्व राउटर आपापल्या जोडण्यांची माहिती एकमेकांना कळवितात, प्रत्येकाजवळ सारखा नकाशा तयार होतो, आणि त्यावरून जो तो सर्वांत जवळची वाट काढतो. ही वाट काढण्याची कृती एडस्खर डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञाला १९५६ साली अ‍ॅम्स्टरडॅममधील एका कॉफीगृहात वीसेक मिनिटांत सुचली, कागद-पेन्सिलीवाचून. त्या काळी असल्या गोष्टीला कोणी गणित समजत नसे, म्हणून ती छापून यायला १९५९ साल उजाडले.

दुसरी रीत शेजाऱ्याच्या शब्दाची. ‘अमुक गाव माझ्यापासून तीन मुक्कामांवर आहे’ असे शेजारी म्हणतो. मग माझ्यापासून ते चार मुक्कामांवर. खातरजमा करण्याचे साधन नाही. इंटरनेटचे पूर्वज जे आर्पानेट, ते १९६९ साली सुरू झाले ते याच रीतीने. पुढे हार्वर्ड येथील यंत्राची स्मृती बिघडली आणि ते शेजाऱ्यांना सांगू लागले की, सर्व गावे माझ्यापासून शून्य अंतरावर आहेत! शेजाऱ्यांनी भाबडेपणाने विश्वास ठेवला आणि चोहोकडची पुडकी तिथे जाऊन गडप झाली. १९७९ साली आर्पानेटने ही रीत सोडून नकाशाची धरली.

असे असूनही आज देशोदेशींची जाळी एकमेकांना जोडताना शेजाऱ्याच्या शब्दाचीच एक सुधारलेली रीत चालते, याचे कारण तांत्रिक कमी आणि व्यावहारिक अधिक आहे. अशी ७० हजारांहून अधिक स्वतंत्र जाळी आज आहेत. त्यांचे मालक निरनिराळे, पुष्कळदा एकमेकांचे प्रतिस्पर्धी. आपला आतला नकाशा कोण दाखवील? आणि जवळची वाट प्रत्येकाला हवी असतेच असे नाही, स्वस्त वाट हवी असते. २००३ साली आपल्याकडे राष्ट्रीय विनिमयकेंद्र स्थापन होण्यापूर्वी दोन देशी कंपन्यांमधील पुष्कळशी पुडकी परदेशाला वळसा घालून येत असत. या द्राविडी प्राणायामाला कोणाचे अज्ञान कारण नव्हते. आपसांत जोडण्याचा करार नव्हता. जाळ्याजाळ्यांमधील या बोलीला बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल, थोडक्यात बीजीपी, म्हणतात. १९८९ साली दोघा अभियंत्यांनी जेवणाच्या टेबलावर हातरुमालाच्या कागदांवर तिची पहिली रूपरेषा खरडली. तात्पुरती सोय म्हणून जन्मलेली ही बोली अजून निवृत्त झालेली नाही.

तिचे गुण आणि दोष २००८ सालच्या चार आठवड्यांत लागोपाठ दिसले. ३० जानेवारीला इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालील दोन केबली तुटल्या. दोन्ही मुंबईच्या किनाऱ्याला येणाऱ्या. युरोपकडे जाणारा आपला मोठा रस्ता बंद झाला, कामे मंदावली, पुष्कळांचा खोळंबा झाला. पण इंटरनेट बंद पडले नाही. या वाटेने आता जाता येत नाही, हे शेजाऱ्याने शेजाऱ्याला सांगितले आणि पुडकी पूर्वेकडून, पॅसिफिक ओलांडून जाऊ लागली. कोणा मुख्याधिकाऱ्याच्या हुकुमाची वाट पाहावी लागली नाही. बॅरन यांनी जे चिंतिले होते ते हेच.

नंतर २४ फेब्रुवारी उजाडला. पाकिस्तानात सरकारने यूट्यूबवर बंदी घातली होती. ती अंमलात आणण्यासाठी तेथील टेलिकॉम कंपनीने आपल्या राउटरांना सांगितले की, यूट्यूबचे पत्ते आपल्याकडेच आहेत; म्हणजे देशातली पुडकी तिथे येऊन नष्ट व्हावीत. ही घरातली थाप चुकून उंबऱ्याबाहेर गेली. हाँगकाँगच्या मोठ्या कंपनीने ती खरी मानून पुढे कळविली, आणि बघता बघता जगाने मानली. यूट्यूबची स्वतःची घोषणा १०२४ पत्त्यांच्या गटाची होती. ही खोटी घोषणा त्यांतल्याच २५६ पत्त्यांची होती. म्हणजे अधिक नेमकी. सातारा आणि कराड! जगभरच्या राउटरांनी आपला नियम इमानाने पाळला आणि पुडकी चुकीच्या दारी नेऊन टाकली. सुमारे ऐंशी मिनिटांनी यूट्यूबने त्याच २५६ पत्त्यांची घोषणा केली. आणखी अकरा मिनिटांनी १२८-१२८ चे दोन गट करून त्याहून नेमकी घोषणा केली, तेव्हा पुडकी परतू लागली. हाँगकाँगच्या कंपनीने खोटी वाट मागे घेईपर्यंत सव्वादोन तास लोटले.

यात कोणी यंत्र बिघडले नव्हते. जानेवारीत ज्या भाबडेपणाने आपल्याला तारले, तोच फेब्रुवारीत नडला. म्हणून एखाद्या केंद्रीय अधिकाऱ्याकडे सारा कारभार सोपवावा, असे सुचविणारे पुष्कळ भेटतात. आम्हाला ते पटत नाही. असा अधिकारी कोणत्या देशाचा असावा, हा प्रश्न निघाला की ती चर्चा तिथेच संपते. अलीकडे दुसरा उपाय रुळतो आहे. कोणता पत्ता कोणत्या जाळ्याचा, याचा सहीशिक्क्याचा दाखला आधी नोंदवून ठेवायचा, आणि शेजाऱ्याची घोषणा त्याच्याशी ताडून पाहायची; दाखल्याविरुद्ध असेल तर टाकून द्यायची. अनेक मोठ्या कंपन्या आता हे करतात. सक्ती कोणावर नाही. २४ फेब्रुवारीची थाप या तपासणीत पहिल्याच दारी अडकली असती. मात्र या दाखल्याने पत्त्याचा मालक कोण एवढेच कळते. ‘माझ्या वाटेने तिकडे जाता येते’ असे मधला शेजारी म्हणतो, ते खरे की खोटे, हे त्यावरून कळत नाही. ती वाट तपासण्याच्या रीतीवर अभियंते अद्याप काम करीत आहेत.