रेकॉर्ड नको, पोरांना गाऊ द्या

जुलै सरत आला की गावोगावच्या शाळांतून १५ ऑगस्टच्या समूहगीतांचा सराव सुरू होतो. त्यात १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत झालेले 'जय जय महाराष्ट्र माझा' असतेच. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल अन् शाहीर साबळे यांचा खडा आवाज. पोरं शाहिरांसारखा आवाज काढायला जातात आणि झेंडावंदनाच्या दिवशी घसा बसतो.

यावर उपाय सोपा आहे. आधी टाळीच्या ठेक्यावर नुसते शब्द म्हणवून घ्यावेत. मग पेटीवर एक सूर धरून सर्वांनी तो 'आ'कारात लावावा. गाण्यातला वरचा अन् खालचा सूर सगळ्यांना पेलेल, तीच पट्टी घ्यावी. ओरडणाऱ्याला शेजारचा आवाज ऐकू येत नाही. ऐकायची सवय लागली की सूर जुळतो. रोज १५ मिनिटे पुरतात.

शेतकरी बंधूंनी खुरपणीच्या घाईत तेवढ्या वेळेला पोरांना रानात नेऊ नये. सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी माईक आदल्या दिवशीच जोडून द्यावा. एकच असेल तर रांगेसमोर मधोमध, थोडा लांब ठेवावा. आणि ऐन वेळी भोंग्यावर रेकॉर्ड लावू नये. एवढ्या दिवसांचे कष्ट आईबापांच्या कानी पडले पाहिजेत.