दोनशेची पाटी

सकाळी 6
फेब्रुवारीत ग्रेटर नोएडाची पहाट धुक्यात बुडालेली असते. बुद्ध इंटरनॅशनल सर्किटच्या गॅरेजमधून समोरची ग्रँडस्टँडही नीट दिसत नाही. 2011 ते 2013 अशी तीन वर्षं इथे फॉर्म्युला वन झाली आणि तिन्ही शर्यती सेबॅस्टियन व्हेटेलने जिंकल्या. सप्टेंबर 2023 मध्ये मोटोजीपी आली तेव्हा उकाडा इतका होता की मुख्य शर्यतीच्या फेऱ्या 24 वरून 21 कराव्या लागल्या. त्यामुळे ट्रॅक डेला स्वतःची मोटरसायकल चालवायला येणाऱ्या आमच्यासारख्यांनी इथे यावं ते थंडीतच.

माझी आरसी 390 चाकणच्या कारखान्यातली. पुण्याहून गोणपाटात बांधून रेल्वे पार्सलने निजामुद्दीनला आणि तिथून टेम्पोने इथे. पार्सल करताना टाकी रिकामी करावी लागते, म्हणून दिवसाचं पहिलं काम पेट्रोल भरणं.

सकाळी 6.30
आरसे काढायचे, नंबर प्लेट काढायची, हेडलाइट आणि इंडिकेटरवर टेप लावायची. गाडी पडली तर काच ट्रॅकभर पसरू नये, यासाठी ही टेप. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी साधं पाणी, कारण सांडलेलं कूलंट डांबरावर घसरडा थर धरतं आणि मागून येणारा त्यावर आडवा होतो. टायरमधली हवा रस्त्यावरच्यापेक्षा थोडी कमी ठेवायची. टायर तापला की दाब आपोआप वाढतो.

तपासनीस प्रत्येक गाडीचे ब्रेक पॅड, चेन, ऑइलचा बोल्ट पाहतो. मग हेल्मेट, पाठीचं कवच, एकसंध लेदर सूट, बूट, हातमोजे. शेजारच्या गॅरेजात नाशिकचा एक मुलगा आहे, त्याची ही पहिलीच वेळ. त्याचं ब्रेक फ्लुइड काळपट झालेलं. पुण्याहून आलेला आमचा मेकॅनिक त्याला म्हणाला, “भाऊ, हे बदलल्याशिवाय तू आत जायचं नाहीस.” बदललं. जुन्या फ्लुइडने ओलावा धरलेला असतो. जोरदार ब्रेकिंगने ते उकळलं की लीव्हर थेट मुठीला टेकतो आणि गाडी थांबत नाही.

सकाळी 7.30
ब्रीफिंग. याला दांडी मारणाऱ्याला ट्रॅकवर सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सत्र थांबलं, हात वर करून सावकाश पिटमध्ये या. निळा म्हणजे मागून कुणीतरी वेगाने येतंय. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे रस्ता घसरडा. नवख्या गटाला ओव्हरटेक फक्त सरळ पट्ट्यावर करता येतं. पुढच्याला त्याची रेषा धरण्याचा हक्क आहे आणि त्याला सुखरूप ओलांडणं ही मागच्याची जबाबदारी. मला वाटतं, आपल्या हमरस्त्यांवर हा एवढा एक नियम पाळला गेला तरी कितीतरी जीव वाचतील.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे, हेही इथे पुन्हा सांगतात. क्रमांक नाहीत, बक्षीस नाही.

सकाळी 9
धुकं निवळल्यावर पहिलं सत्र. प्रशिक्षकाच्या मागे रांगेत, ओव्हरटेक न करता. डांबर गार, टायर गार. सरावलेले रायडरही पहिल्याच फेरीत पडतात ते यामुळे.

एक फेरी सव्वापाच किलोमीटरांच्या आतली, वळणं सोळा. तिसरं वळण चढावर आहे, त्याच्या पलीकडचं काही दिसत नाही. तिथून बाहेर पडलं की किलोमीटरभराचा सरळ पट्टा आणि त्याच्या टोकाला चौथं वळण, उजवीकडे जवळजवळ उलटं फिरवणारं. सगळा दिवस माझ्या डोक्यात हीच जागा असते.

सकाळी 10.30 ते 12.30
या पट्ट्यावर माझी गाडी ताशी दीडशेच्या पुढे जाते, म्हणजे सेकंदाला जवळपास 42 मीटर. पापणी लवेपर्यंत काही मीटर मागे पडलेले असतात. वळणाआधी अंतराच्या पाट्या आहेत. मी दोनशेच्या पाटीला ब्रेक धरतो. आधी हलकेच, म्हणजे वजन पुढच्या चाकावर येतं आणि टायर डांबरावर दाबला जातो, मग घट्ट. टायरकडे पकड मोजकीच असते, ती ब्रेक आणि कलणं यांत वाटून घ्यावी लागते. म्हणून गाडी जसजशी कलते तसतसा लीव्हर सोडत जायचा. या वेगात वळायचं तर उजव्या वळणासाठी उजवं हँडल पुढे ढकलायचं. ऐकायला उलटं वाटतं, पण गाडी वळते ती अशीच.

आणि नजर. गाडी नजरेमागे जाते. कडेच्या वाळूकडे पाहिलं की वाळूत जाणार, वळण जिथे संपतं तिकडे पाहिलं की वळणातून नीट बाहेर पडणार. प्रशिक्षक म्हणाला, “ब्रेक उशिरा धरायच्या नादाला लागू नका. थ्रॉटल लवकर उघडता येतोय का, ते बघा.” दहाव्या-अकराव्या वळणाच्या लांबलचक उजव्या घेरात या सांगण्याचा अर्थ अंगात उतरतो. तिथे घाईने आत शिरलेला पुढे बराच वेळ बाहेरच्या कडेकडे वाहत राहतो.

दुपारी 1
जेवण हलकं, पाणी भरपूर. टायरच्या कडा हाताने तपासायच्या, हवा पुन्हा मोजायची.

दुपारी 2.30
वेगवान गटात एक जण पडला. लाल झेंडा निघाला. काही क्षणांत मार्शल त्याच्यापाशी होते, रुग्णवाहिका आत आली, ट्रॅक झाडून घेतला. तो स्वतःच्या पायांनी परतला, सूटचा खांदा घासून पांढरा पडलेला. इथे रस्त्यासारखा समोरून ट्रक नाही, कडेला दरड नाही, घसरत जायला मोकळी जागा आहे, आणि दिवसभर उन्हात झेंडा घेऊन उभी असलेली माणसं आहेत. त्यांच्या भरवशावर आम्ही वेगात जातो. प्रत्येक सत्राच्या शेवटच्या फेरीत रायडर त्यांना हात करतात, ती प्रथा मला फार आवडते.

दुपारी 4
शेवटचं सत्र. आता ब्रेक दोनशे आणि दीडशेच्या मधोमध धरला जातो, आणि थ्रॉटल सकाळपेक्षा लवकर उघडतो. दिवसभराची कमाई पंचवीसेक मीटरची, आणि मला ती मोठी वाटते. मनगटं थकली की मी चेकर्ड झेंड्याची वाट न पाहता आत येतो. दमलेल्या हातांनी अजून एक फेरी मारायची नसते. नाशिकच्या मुलाने विचारलं, “दादा, पुढच्या वर्षी वेगवान गट घेऊ का?” म्हटलं, आधी याच गटात आणखी एकदा ये.

सायंकाळी 5.30
आरसे, नंबर प्लेट परत लावायची, टाकी रिकामी करून गाडी पुन्हा गोणपाटात.

दर रविवारी ताम्हिणीत आणि लोणावळ्याच्या वाटेवर गाड्या पिदडणाऱ्या पोरांना मनापासून सांगणं आहे: घाटात गावची माणसं चालतात, तिथे हे करू नका. पैसे साठवा, लेदर सूट भाड्याने घ्या, ब्रेक फ्लुइड बदला आणि एकदा ट्रॅकवर या.