ऑफिसातला सोफा गुपित राखेल का?

मोकळ्या ऑफिसात डॉक्टरांचा फोन आला की कर्मचारी मोबाइल घेऊन जिन्याकडे पळतो. रक्ताच्या तपासणीचा अहवाल शेजारच्या चार टेबलांना कळावा, असे कुणालाच वाटत नाही. यावर उपाय म्हणून लाउंजमध्ये उंच पाठीचे, दोन्ही बाजूंना आडोसा असलेले सोफे आले आहेत. काहींत डोक्याजवळ स्पीकरही बसवलेले असतात.

कल्पना तशी जुनी आहे. फिनलंडचे एरो आर्निओ यांनी १९६३ मध्ये गोल कवचासारखी ‘बॉल चेअर’ रेखाटली; स्वतःच्या खुर्चीत त्यांनी टेलिफोनही बसवून घेतला होता. फ्रान्सच्या बुरुलेक बंधूंचा उंच भिंतींचा ‘अल्कोव्ह’ सोफा २००६ मध्ये आला.

कामात व्यत्यय आणतो तो नुसता आवाज नव्हे, तर कळणारे शब्द. पंख्याची घरघर मेंदू सहज मागे टाकतो; शेजाऱ्याचे बोलणे टाकता येत नाही. त्यातही फोनवरचे एकतर्फी बोलणे ऐकणाऱ्याचे लक्ष अधिक विचलित करते, असे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांना २०१० मध्ये आढळले.

म्हणून सोफ्याचे काम शब्द पुसट करणे हे आहे. बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर असतो. पाठ तेवढीच उंच असेल तर आवाज वरून सहज निसटतो. ती डोक्याच्या बरीच वर हवी. आतल्या बाजूला जाड फोम आणि हवा आरपार जाऊ देणारे कापड हवे. गुळगुळीत रेक्झिन आवाज परत फेकते.

स्पीकरचे गणित सोपे आहे. तो एक मीटरऐवजी २५ सेंटिमीटरवर असेल, तर कानाला आवाज सुमारे १२ डेसिबलने मोठा लागतो. त्यामुळे तो हळू ठेवता येतो आणि बाहेर कमी जातो. मात्र समोरच्याचा आवाज लपला, तरी स्वतःचा लपत नाही. तो सोफ्याच्या उघड्या बाजूने थेट बाहेर पडतो. शिवाय कानाशी गोंगाट असला की माणूस नकळत मोठ्याने बोलतो. फ्रेंच डॉक्टर एतिएन लोंबार यांनी १९११ मध्येच हे नोंदवले होते. म्हणजे स्पीकरवर मोठ्याने गाणी लावून फोन घेतला, तर आडोसाच निकामी होतो.

सोफा घेण्यापूर्वी एक साधी परीक्षा करावी. एकाने आत बसून नेहमीच्या आवाजात वर्तमानपत्र वाचावे; दुसऱ्याने उघड्या बाजूला, जवळच्या टेबलाच्या अंतरावर उभे राहावे. वाक्ये कळत असतील, तर सोफ्याचे तोंड टेबलांकडे न ठेवता पडद्याकडे किंवा मऊ आच्छादनाच्या भिंतीकडे वळवावे.

तरीही अशा सोफ्याने त्रास कमी होतो, गुप्तता मिळत नाही. तपासणीचा अहवाल, पगार किंवा घरची अडचण यांवर बोलायचे असेल, तर दार बंद होणारी एक छोटी खोली प्रत्येक ऑफिसात असायलाच हवी.