लाळग्रंथीची गाठ: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कानाखाली किंवा जबड्याखाली गाठ लागते आणि घरात दोनच सूर निघतात. कोणी म्हणतं कॅन्सर, कोणी म्हणतं काही नाही, शेक द्या. बडोद्याजवळच्या करजणसारख्या गावात या दोन टोकांमध्येच महिने निघून जातात. तपासणीचा रिपोर्ट नीट समजून घेतला, तर भीतीही आवरते आणि दिरंगाईही टळते.

गैरसमज: लाळग्रंथीत गाठ म्हणजे कॅन्सरच.
वस्तुस्थिती: मोठ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या असतात: कानापुढची पॅरोटिड, जबड्याखालची सबमँडिब्युलर आणि जिभेखालची सबलिंग्वल. शिवाय ओठ, गाल, टाळूच्या अस्तरात शेकडो बारीक ग्रंथी. बहुतेक गाठी पॅरोटिडमध्ये होतात आणि तिथल्या दहांपैकी साधारण आठ साध्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या असतात. जबड्याखाली कॅन्सरची शक्यता वाढते, जिभेखाली आणखी वाढते. म्हणून आधी विचारा, गाठ नेमकी कोणत्या ग्रंथीत आहे?

गैरसमज: दुखत नाही, म्हणजे काळजी नाही.
वस्तुस्थिती: कॅन्सरची गाठही बरेचदा दुखत नाही. उलट जेवताना फुगणारी, दुखणारी सूज बहुधा लाळेच्या नळीत अडकलेल्या खड्याची असते. गालगुंडाची सूज काही दिवसांत उतरते. दोन-तीन आठवड्यांनंतरही टिकलेली गाठ दाखवायलाच हवी. गाठ भराभर वाढली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली किंवा डोळा मिटेनासा झाला, तर एकही दिवस थांबू नका.

गैरसमज: सुई टोचली की गाठ पसरते.
वस्तुस्थिती: गाठीतल्या पेशी सुईने काढून तपासतात, त्या एफएनएसीची सुई अगदी बारीक असते आणि तिच्यामुळे कॅन्सर पसरणं अत्यंत विरळ आहे. या तपासणीचे निष्कर्ष २०१८ पासून ‘मिलान’ पद्धतीच्या सहा गटांत मांडले जातात. त्यातला ‘अनिश्चित’ गट म्हणजे कॅन्सरचा शिक्का नव्हे. पुढची तपासणी हवी, एवढाच त्याचा अर्थ. पक्कं निदान काढलेल्या गाठीच्या बायोप्सीतून होतं.

गैरसमज: रिपोर्टमध्ये ‘बिनाइन’ (साधी गाठ) आलं, आता ऑपरेशन नको.
वस्तुस्थिती: सर्वाधिक आढळणारी प्लिओमॉर्फिक ॲडेनोमा ही गाठ साधी असते, पण वर्षानुवर्षं ठेवली तर काहींमध्ये तिचा कॅन्सर होतो. नुसती गाठ सोलून काढली तर ती पुन्हा उद्भवू शकते, म्हणून भोवतालच्या ग्रंथीचा थोडा भागही काढतात. वॉर्थिन ट्यूमर ही साधी गाठ मात्र मुख्यतः धूम्रपान करणाऱ्यांत दिसते. तिच्यावर काही वेळा नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं.

गैरसमज: ऑपरेशननंतर चेहरा वाकडा होतोच.
वस्तुस्थिती: चेहरा हलवणारी नस पॅरोटिडमधूनच जाते, त्यामुळे भीती निराधार नाही. पण सर्जन ती आधी शोधून जपतात. काहींना तात्पुरता अशक्तपणा येतो. साध्या गाठीच्या ऑपरेशननंतर तो कायमचा राहणं क्वचित घडतं.

गैरसमज: कॅन्सर निघाला की केमो ठरलेलीच.
वस्तुस्थिती: इथे मुख्य उपचार शस्त्रक्रिया आणि गरजेनुसार रेडिएशन. ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा हा लाळग्रंथीचा एक कॅन्सर हळू वाढतो, पण अनेक वर्षांनीही फुप्फुसात दिसू शकतो. त्यात तपासण्या दीर्घकाळ चालू ठेवाव्या लागतात.

करजणकरांसाठी बडोद्याचं सयाजी हॉस्पिटल जवळ आहे. तिथल्या कान-नाक-घसा विभागात आधी दाखवा. जाताना सगळे जुने रिपोर्ट न्या आणि डॉक्टरांना तीन गोष्टी स्पष्ट विचारा: गाठीचं नाव काय, ती चेहऱ्याच्या नसेच्या किती जवळ आहे आणि ऑपरेशननंतर तपासणीला कधी यायचं?