थंड प्रदेशातील बाल्कनी : फरशीखाली साचणाऱ्या पाण्याचा धोका

हिमाचल प्रदेश, उत्तराखंड आणि काश्मीरमधील गिरिस्थानांवर हिवाळा संपत आला की अनेक घरांच्या उघड्या बाल्कनीत एकच दृश्य दिसते. फरशीवर टकटक केल्यास ती पोकळ वाजते, सांध्यांतून पांढरी पूड बाहेर आलेली असते आणि खालच्या मजल्यावरील छताला ओल धरलेली असते. घरमालक गवंड्याला दोष देतो, गवंडी फरशीला. बहुतेक वेळा दोष या दोहोंच्या खाली, डोळ्यांना न दिसणाऱ्या थरांत असतो.

फरशी बसविली म्हणजे बाल्कनी जलरोधक झाली, हा समज सर्वत्र आढळतो आणि तो चुकीचा आहे. चांगल्या प्रतीची फरशी स्वतः फारसे पाणी शोषत नाही, हे खरे. मात्र दोन फरशांमधील सिमेंटचे सांधे सच्छिद्र असतात. पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी त्यांतून थोडे थोडे खाली उतरतेच. उष्ण प्रदेशात ते पुढे उन्हाने वाळून जाते. थंड प्रदेशात ते वाळण्यापूर्वी गोठते.

पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. काँक्रीट किंवा मसाल्यातील छिद्रे अर्धवट भरलेली असतील, तर या वाढीला जागा मिळते. ती साधारण ९१ टक्क्यांहून अधिक भरलेली असतील, तर मात्र बर्फाला पसरण्यास वाव उरत नाही आणि छिद्रांच्या भिंती फुटतात. दुसऱ्या दिवशी बर्फ वितळतो, नव्या भेगांत आणखी पाणी शिरते, रात्री ते पुन्हा गोठते. म्हणूनच कडाक्याची थंडी हे संकटाचे खरे माप नव्हे. लेहमध्ये पारा उणे १५ अंशांच्याही खाली जातो, पण तेथील हवा अत्यंत कोरडी असते. शिमल्यात थंडी त्या मानाने सौम्य; परंतु पावसाळ्यात भरपूर पाणी आणि हिवाळ्यात शून्य अंशाच्या आसपास रोजची ये-जा, असा दुहेरी मारा असतो. भिजलेल्या बांधकामाला तो अधिक जाचतो.

यात तापमानातील फरकाची भर पडते. ४ मीटर लांबीचा काँक्रीटचा स्लॅब उन्हाळ्यातील तापलेल्या दुपारपासून हिवाळ्यातील पहाटेपर्यंत, म्हणजे ५० अंशांच्या फरकात, सुमारे २ मिलिमीटर आखडतो. फरशी त्याहून कमी आखडते. दोघांची चाल वेगळी असल्याने फरशी उचलली जाते आणि सांधे तडकतात.

हा केवळ दिसण्याचा प्रश्न असता, तर त्याची एवढी चिंता करण्याचे कारण नव्हते. घरातील खोलीचा स्लॅब भिंतींवर किंवा तुळयांवर टेकलेला असतो. त्याच्या मुख्य सळया तळाशी असतात. भिंतीबाहेर अधांतरी काढलेल्या बाल्कनीत स्थिती नेमकी उलट असते. तिचा सारा भार पेलणाऱ्या सळया स्लॅबच्या वरच्या अंगाला, अगदी फरशीखाली आणि भिंतीलगत असतात. जेथे पाणी मुरते, तेथेच बाल्कनीचा प्राण असतो. गंजलेली सळई मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापते आणि वरील काँक्रीट फोडून काढते. खालून पाहणाऱ्याला मात्र बराच काळ काहीच दिसत नाही. बर्फ वितळविण्यासाठी मीठ टाकण्याची सवय याहून घातक आहे, कारण मिठातील क्लोराइडमुळे गंजण्याचा वेग वाढतो.

कॅलिफोर्नियातील बर्कली येथे जून २०१५ मध्ये एका इमारतीची बाल्कनी कोसळून ६ तरुण मृत्युमुखी पडले. ती बाल्कनी लाकडी तुळयांची होती आणि तेथे हिमवर्षाव होत नाही; आत अडकून राहिलेल्या पाण्याने लाकूड कुजले होते. त्यानंतर २०१८ मध्ये त्या राज्याने बहुकुटुंबी इमारतींच्या अशा बाल्कनींची ठरावीक काळाने तपासणी बंधनकारक केली.

मग काम कसे असावे? सर्वांत महत्त्वाचा आहे उतार. तो घरापासून बाहेरच्या दिशेने, दर मीटरला दीड ते २ सेंटीमीटर असावा आणि जलरोधक थराच्या खाली असावा. आपल्याकडे स्लॅब पाणसळीत सपाट ठेवून, त्यावर जलरोधक थर देऊन, फरशीच्या मसाल्यात उतार काढण्याची पद्धत रूढ आहे. वरून पाणी वाहून जाते, म्हणून काम उत्तम झाल्यासारखे वाटते. आत शिरलेले पाणी मात्र सपाट थरावर तळ्यासारखे साचून राहते आणि पहिल्याच गोठणाऱ्या रात्रीची वाट पाहते.

जलरोधक थर भिंतीवरही चढवावा लागतो, साधारण १५ सेंटीमीटर. दाराचा उंबरा ही सर्वांत दुबळी जागा. बाल्कनीची पातळी खोलीपेक्षा खाली नसेल, तर दाराशी साचलेला बर्फ वितळून थेट घरात येतो. कठड्याचे खांब वरून भोक पाडून बसविल्यास तो थर तेथेच फाटतो. ते स्लॅबच्या बाहेरील कडेला बसविणे श्रेयस्कर. निचऱ्याच्या जाळीने केवळ फरशीवरचे नव्हे, तर खालच्या थरावर आलेले पाणीही घेतले पाहिजे. यासाठी जलरोधक थर आणि मसाला यांच्यामध्ये पाणी वाहू देणारी पोकळ प्लास्टिकची चटई अंथरली जाते. कठडा भरीव असल्यास मुख्य निचरा बर्फाने तुंबेल हे गृहीत धरून थोड्या उंचीवर दुसरे भोक ठेवावे. स्लॅबच्या कडेखाली एक खाच ठेवली, की पाणी भिंतीकडे न ओघळता तेथूनच खाली टपकते.

मुंबई-पुण्यातील गच्च्यांवर विटांच्या तुकड्यांचा कोबा अनेक वर्षे उपयोगी पडला आहे. तोच प्रकार डोंगरात नेणे मात्र चुकीचे ठरते. विटा पाणी धरून ठेवतात. गोठणाऱ्या प्रदेशात कोब्याचा हा गुणच अवगुण होतो, शिवाय अधांतरी स्लॅबवर त्याचे वजन पडते ते वेगळेच.

फरशी घेताना पाणी शोषण्याचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहून कमी असल्याची खात्री करावी आणि पृष्ठभाग खडबडीत निवडावा. ती चिकटविताना चार कोपऱ्यांत व मध्ये एकेक गोळा लावण्याची घाई करू नये. अशा पोकळ्यांत पाणी भरते. चिकट मसाला फरशीच्या जवळजवळ संपूर्ण पाठीला लागला पाहिजे. दर ३ मीटरच्या आसपास आणि भिंतीलगत सिमेंटऐवजी सिलिकॉनसारख्या लवचिक पदार्थाचा सांधा ठेवावा. ती पांढरी पूड आम्लाने धुऊन काढणे व्यर्थ आहे. सिमेंटमधील चुना पाण्याबरोबर वर येत राहतो, तोवर ती पुन्हा उमटणारच.

हिमाचलातील जुन्या लाकडी सज्जांना यातले काहीच लागत नसे. वर पुढे आलेले पाटीदगडाचे छप्पर, खाली फटी ठेवून जोडलेल्या फळ्या. पाणी आले तरी थांबत नसे.

दुरुस्तीसाठी पावसाळा ओसरल्यानंतरचा आणि थंडीपूर्वीचा काळ योग्य. तापमान ५ अंशांखाली गेल्यावर सिमेंटचे काम करू नये. फरशी बसविण्यापूर्वी निचरा बंद करून जलरोधक थरावर किमान २४ तास पाणी उभे ठेवावे आणि खालच्या छताची पाहणी करावी. स्लॅबला भेगा दिसत असल्यास हे पाणी भरण्याआधीच संरचना अभियंत्याला बोलवावे, कारण १० सेंटीमीटर पाण्याचा भार दर चौरस मीटरला १०० किलोग्रॅम होतो.